सिम्प्सन्सचा हॅलोविन विशेष भाग : प्रेक्षकांचे एकमत कधीच का होत नाही?

शिशिरागम

नमस्कार मंडळी.

'द सिम्प्सन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेचा 'ट्रीहाउस ऑफ हॉरर' हा तीन सुट्या भयकथांचा हॅलोविन (३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण) विशेष भाग १९९० पासून दरवर्षी येतो, आणि तो येऊन गेला की प्रेक्षकांमध्ये तोच वाद नव्याने सुरू होतो. एका गटाचे म्हणणे असे की आता यात भीती उरलेली नाही, नुसते रक्त उरले आहे. दुसरा गट म्हणतो की जुन्या भागांचे गोडवे गाणाऱ्यांना नवे काही मनापासून बघायचेच नसते. तिसरा गट बहुधा पालकांचा असतो आणि त्याचा प्रश्न साधा असतो : संध्याकाळी आठच्या सुमारास, घरात मुले जागी असताना, असले काही दाखवावे कशाला?

मी स्वतः या विशेष भागांचा जुना चाहता आहे आणि आम्ही अमेरिकेत राहत असल्यामुळे ऑक्टोबर महिन्यात घरात हा विषय निघतोच. मला कुतूहल आहे ते आवडीनिवडीपलीकडचे. एरवी या मालिकेच्या एखाद्या भागाबद्दल लोक 'बरा होता', 'जमला नाही' एवढेच बोलून थांबतात. मग या एकाच भागाबद्दल ते इतक्या तावातावाने का बोलतात, आणि त्यांना त्यातून नेमके काय हवे असते? ज्यांनी हे भाग सुरुवातीपासून पाहिले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. शिवाय माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि यंदा तिला यातले काहीतरी दाखवावे असा विचार आहे. त्याबद्दलही कोणी सुचवले तर बरे होईल.

उत्तररात्र

शिशिरागम, तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या मते हा वाद नंतर कधीतरी बाहेरून येऊन चिकटलेला नाही. तो पहिल्याच विशेष भागाच्या कथानकात आहे.

पहिला भाग २५ ऑक्टोबर १९९० रोजी, मालिकेच्या दुसऱ्या वर्षात, फॉक्स वाहिनीवर प्रक्षेपित झाला. त्याची सुरुवात आठवून पाहा. मार्ज, म्हणजे सिम्प्सन कुटुंबातली आई, पडद्याबाहेर येऊन उभी राहते आणि प्रेक्षकांना सांगते की आजचा कार्यक्रम खरोखरच भीतिदायक आहे, तेव्हा तुमची मुले हळवी असतील तर उद्या आम्हाला रागाची पत्रे लिहिण्यापेक्षा आज त्यांना लवकर झोपवा. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटाच्या आरंभी अशीच एक व्यक्ती पडद्याबाहेर येऊन प्रेक्षकांना सावध करते, त्याचे हे विडंबन. पण ते नुसते विडंबन नाही. पहिल्या वर्षातच या मालिकेवर पालकांची आणि शिक्षकांची बरीच टीका झाली होती, आणि त्या शरद ऋतूत फॉक्सने ती गुरुवारी रात्री आठ वाजता, 'द कॉस्बी शो' या तेव्हाच्या सर्वांत लोकप्रिय कौटुंबिक मालिकेसमोर आणून ठेवली होती. पत्रे येणार हे लेखकांना ठाऊक होते, आणि त्यांनी त्या पत्रांना कार्यक्रम सुरू होण्याआधीच उत्तर देऊन ठेवले.

त्यानंतर झाडावरच्या खोपटात बार्ट, लिसा आणि मॅगी ही तिची मुले बसतात, भुतांच्या गोष्टी रंगतात, आणि त्यांचा बाप होमर बाहेरून चोरून ऐकतो. तिसरी गोष्ट म्हणजे एडगर ॲलन पो यांची १८४५ सालची 'द रेव्हन' ही कविता. जेम्स अर्ल जोन्स यांचा तो खर्जातला आवाज, काळोखी खोली, आणि भिंतीवर मृत प्रेयसी लेनोरचे चित्र. लेनोरच्या जागी मार्ज आहे आणि तिचा केशसंभार इतका उंच की तो एका चौकटीत मावत नाही, म्हणून वर दुसरी चौकट लावलेली आहे. या गोष्टीत विनोदाच्या जागा कमी होत्या आणि कवितेचे शब्द बव्हंशी तसेच ठेवले होते. निर्माते मॅट ग्रेनिंग यांना हा भाग प्रेक्षकांना रुचेल की नाही याची चांगलीच धाकधूक होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

आता कविता संपल्यावर काय होते ते पाहा. बार्ट तक्रार करतो की यात घाबरण्यासारखे काहीच नव्हते. लिसा त्याला समजावते की ही कविता १८४५ ची आहे, तेव्हाची माणसे कदाचित लवकर घाबरत असावीत. बार्टला ते लगेच पटते. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा पहिला चित्रपटही आजच्या मानाने मवाळच वाटतो, असे तो म्हणतो. मुले निवांत झोपी जातात आणि होमर मात्र रात्रभर डोळे उघडे ठेवून पडून राहतो. म्हणजे पिढीनुसार भीती कशी बदलते, मुलाला जे फिके वाटते त्याने बाप कसा हादरतो, याची पूर्ण चर्चा लेखकांनी पात्रांच्या तोंडून पहिल्याच वर्षी करून ठेवली आहे. आज जे प्रेक्षक एकमेकांशी भांडतात ते बार्ट, लिसा आणि होमर यांच्याच जागांवरून भांडतात.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल, म्हणजे लोकांना काय हवे असते याबद्दल, माझे मत असे आहे. या भागात काहीही घडले तरी पुढच्या आठवड्यात ते घडलेले नसते. कोणी मेला तरी तो जिवंत असतो. त्यामुळे घटनेला वजन नसते, आणि सगळे वजन माणसांवर येते. पहिल्या गोष्टीत झपाटलेले घर सिम्प्सन कुटुंबाला हाकलण्यासाठी नाना उपाय करते आणि शेवटी त्यांच्याबरोबर राहण्यापेक्षा स्वतःच नष्ट होणे पत्करते. दुसऱ्या गोष्टीत परग्रहवासी कँग आणि कोडोस पाहुण्यांना पोटभर जेवू घालतात, लिसाला संशय येतो की हे आपल्याला खाण्यासाठी पुष्ट करत आहेत, आणि शेवटी त्या आतिथ्यशील परग्रहवासीयांचे मन दुखावते. दोन्ही ठिकाणी गंमत येते ती हे कुटुंब भयकथेतही तसेच्या तसे राहते म्हणून. लिसाचा संशयी शहाणपणा आणि होमरची भूक दोन्ही जागच्या जागी असतात. जिथे हे टिकले तिथे प्रेक्षकांनी कितीही भयंकर प्रसंग आनंदाने स्वीकारला आहे. जिथे पात्रांना केवळ एखाद्या गाजलेल्या चित्रपटातले कपडे चढवले आहेत, तिथे लोक 'आता मजा राहिली नाही' असे म्हणतात, आणि ते मला योग्यच वाटते.

कातरवेळ

उत्तररात्र यांच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण रक्तपाताचा मुद्दा थोडा अधिक बारकाईने पाहायला हवा असे वाटते.

३० ऑक्टोबर १९९४ च्या पाचव्या विशेष भागाच्या वेळी मालिकेची सूत्रे डेव्हिड मर्किन यांच्याकडे होती. दूरचित्रवाणीवरच्या हिंसाचाराविरुद्ध अमेरिकी काँग्रेसमध्ये तेव्हा बराच आवाज उठलेला होता, आणि मर्किन यांनी ठरवून या भागात जमेल तितके रक्त आणि आतडी आणली. आरंभी मार्ज येते आणि सांगते की हा भाग इतका भयानक आहे की काँग्रेस तो दाखवू देणार नाही. पुढच्या तीन गोष्टींत होमर कुऱ्हाड घेऊन आपल्याच कुटुंबामागे धावतो, शाळेतले शिक्षक विद्यार्थ्यांना शिजवून खातात, आणि माळी विली तिन्ही गोष्टींत मदतीला धावून येतो आणि तिन्ही वेळा पाठीत कुऱ्हाड बसून मरतो. शेवटी तर एक धुके घरात शिरते, त्याने माणसे उलटी होतात, त्यांचे आतले सगळे बाहेर येते, आणि त्या अवस्थेत सगळे ओळीने उभे राहून गात नाचतात.

एवढे सगळे असूनही चाहते जेव्हा आपल्या आवडत्या विशेष भागांची क्रमवारी लावतात तेव्हा हाच भाग बहुतेक वेळा अगदी वरच्या जागी असतो. यावरून मला असे वाटते की 'रक्त फार आहे' ही नव्या भागांबद्दलची तक्रार मुळात रक्ताबद्दलची नाही. पाचव्या भागात टोस्टरच्या साहाय्याने होमर भूतकाळात जातो तो प्रसंग घ्या. तिथे एक डास मारल्यामुळे सगळे जगच बदलते, आणि परतल्यावर प्रत्येक वेळी त्याला निराळे घर दिसते. एका जगात मोटार उत्तम आहे, मुले आज्ञाधारक आहेत, मार्जच्या बहिणी वारल्या आहेत, सगळे त्याच्या मनासारखे आहे. तो आनंदाने मार्जकडे डोनट मागतो आणि तिला डोनट म्हणजे काय तेच माहीत नसते. तो किंचाळत पळून जातो. तो गेल्याबरोबर बाहेर डोनटांचा पाऊस पडू लागतो, आणि मार्ज खिडकीतून बघून शांतपणे म्हणते की पुन्हा पाऊस लागला. दोन-तीन वाक्यांत होमरचे सगळे आयुष्य त्यात आले आहे. हा प्रसंग ज्याने पाहिला त्याला त्या भागातल्या कुऱ्हाडी खुपत नाहीत.

एक गोष्ट मला वैयक्तिकरीत्या फार आवडते. याच गोष्टीत एरवी न बोलणारी छोटी मॅगी एकदा बोलते आणि तिचा आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा आहे, म्हणजे चार वर्षांपूर्वी पो यांची कविता म्हणणारा तोच आवाज. असे धागे नियमित बघणाऱ्याच्या लक्षात राहतात, आणि मग दरवर्षी तो तेवढ्याच काळजीने विणलेले काहीतरी शोधू लागतो.

पाचवा_कोन

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा एक प्रकार इथे अजून आलेला नाही. काही जण हे विशेष भाग कथेसाठी बघत नाहीत. ते एकेक चित्र थांबवून बघतात.

१९९५ च्या सहाव्या विशेष भागात 'होमर क्यूब्ड' ही गोष्ट आहे. नको असलेल्या पाहुण्यांपासून लपताना होमर पुस्तकांच्या कपाटामागून एका त्रिमितीय जगात शिरतो. पॅसिफिक डेटा इमेजेस या कंपनीने संगणकावर केलेले ते चलचित्र त्या काळात प्रेक्षकांना थक्क करणारे होते. पण गणितात रस असलेल्यांचे लक्ष होमरपेक्षा मागच्या पोकळीत तरंगणाऱ्या एका समीकरणाकडे गेले : १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात. दोनाहून मोठ्या घातासाठी पूर्ण संख्यांची अशी बेरीज कधीच जुळत नाही असे सांगणाऱ्या फर्माच्या अंतिम प्रमेयानुसार हे अशक्य आहे, आणि अँड्र्यू वाइल्स यांची त्या प्रमेयाची सिद्धता नेमकी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. मात्र साध्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करून बारावे मूळ काढले तर पडद्यावर १९२२ हाच आकडा येतो. तो पाहून अनेकांनी डोक्याला हात लावला. लेखक डेव्हिड कोहेन यांनी असे 'जवळजवळ खरे' समीकरण शोधण्यासाठी खास संगणकीय आज्ञावली लिहिली होती.

ते खोटे आहे हे कळायला कॅल्क्युलेटरची गरजही नाही. १७८२ सम आहे, त्याचा कोणताही घात समच येणार. १८४१ विषम आहे, त्याचा घात विषम येणार. सम आणि विषम यांची बेरीज विषम, आणि उजवीकडचा १९२२ चा घात तर सम. सातवी-आठवीतल्या मुलाला हे वहीवर करता येईल. क्षणभर दिसणाऱ्या चित्रात इतका विचार घालणाऱ्या लेखकांकडून प्रेक्षकांच्या अपेक्षा वाढतात, यात नवल नाही. नव्या भागांवर रागावणाऱ्यांमध्ये या जातीचे प्रेक्षक बरेच आहेत, आणि त्यांचा राग प्रेमापोटीच आहे.

रानवारा

सर्वांचे प्रतिसाद मनापासून आवडले, तरीही जुन्याच भागांकडे झुकलेली ही चर्चा मला पूर्ण मान्य नाही. मी ही मालिका उशिरा, भारतात स्टार वर्ल्डवर पाहू लागलो. तिथे हॅलोविनचा भाग कोणत्याही महिन्यात लागायचा आणि आमच्या भोवती ना भोपळे होते, ना मुखवटे घालून दारोदार फिरणारी मुले. त्यामुळे माझ्या मनात त्या भागांभोवती लहानपणच्या ऑक्टोबरचे वलय नाही, आणि म्हणूनच मला जुने आणि नवे भाग एकाच मापाने मोजता येतात असे वाटते.

२०२२ चा तेहेतिसावा विशेष भाग घ्या. त्यातली 'डेथ टोम' ही गोष्ट 'डेथ नोट' या जपानी मालिकेचे विडंबन आहे आणि ती सबंध जपानी ॲनिमेच्या शैलीत काढलेली आहे. त्यासाठी डीआर मूव्ही या कोरियातल्या स्टुडिओचे साहाय्य घेतले होते, ज्याने मूळ 'डेथ नोट'वरही काम केले होते. उत्तररात्र यांची कसोटी इथे लावून पाहा. ज्या वहीत नाव लिहिले की तो माणूस मरतो ती वही लिसाच्या हाती येते, आणि ती तिचा वापर जगाच्या भल्यासाठी करायचे ठरवते. लिसाच तसे ठरवू शकते. बार्टच्या हाती ती वही दिली असती तर गोष्ट वेगळीच झाली असती. स्वतःच्या सद्हेतूवर असलेला तिचा गाढ विश्वास तिला कुठवर नेतो, हे त्या सहा-सात मिनिटांत स्पष्ट दिसते. या गोष्टीचे कौतुक करणाऱ्यांत अनेक असे लोक होते की ज्यांनी सिम्प्सन्स बघणे कधीच सोडून दिले होते.

त्याच भागातली 'सिम्प्सन्सवर्ल्ड' ही गोष्ट तर थेट प्रेक्षकांविषयीच आहे. सिम्प्सन कुटुंबातले सगळे जण एका करमणूक उद्यानातले यंत्रमानव आहेत आणि पैसे भरून आलेले पाहुणे जुने गाजलेले प्रसंग त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. तेच करत राहणे त्या यंत्रांना असह्य होते. 'पूर्वीसारखे का करत नाही' असे तीस वर्षे ऐकत आलेल्या लेखकांनी ते मनापासून लिहिले आहे, आणि मला त्यात विनोदाइतकीच वेदनाही दिसली. २०१४ च्या पंचविसाव्या भागात तर १९८७ मधल्या ओबडधोबड चेहऱ्यांचे मूळ सिम्प्सन कुटुंब भुते होऊन आजच्या कुटुंबाच्या घरात परत येते. जुन्या रूपाचे प्रेम आणि त्याचे ओझे यांबद्दल इतके थेट बोलणारी दुसरी मालिका मला माहीत नाही.

एक मात्र मान्य करतो. २०१३ च्या चोविसाव्या भागासाठी चित्रपट दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो यांनी जवळजवळ तीन मिनिटांचे जे आरंभदृश्य केले, ते इतके संपन्न होते आणि प्रक्षेपणाआधीच आंतरजालावर इतके पाहिले गेले होते, की पुढच्या तिन्ही गोष्टी त्याच्यासमोर फिक्या पडल्या. त्या वर्षीची नाराजी मला समजते.

कातरवेळ

रानवारा, 'डेथ टोम'बद्दल तुमचे म्हणणे पटले. तुम्ही ऑक्टोबरच्या वलयाचा उल्लेख केलात म्हणून एक भर घालते. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनाही ते वलय दरवर्षी लाभले असे नाही. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीज या ऑक्टोबरातल्या अंतिम सामन्यांचे प्रक्षेपण फॉक्सकडे असल्यामुळे २००० ते २००८ या सगळ्या वर्षांत हा भाग नोव्हेंबरातच दाखवला गेला, म्हणजे सण उलटून गेल्यावर. २००३ च्या भागात कँग आणि कोडोस स्वतःच आश्चर्य व्यक्त करतात की हॅलोविनचा कार्यक्रम नोव्हेंबरात कसा? सणाचा फराळ सण संपल्यावर ताटात आला तर तो कितीही चांगला असला तरी खाणाऱ्याचा उत्साह ओसरलेला असतो. 'याच काळात दर्जा घसरला' असे जे सांगितले जाते, त्यात तारखेचा वाटा किती आणि लेखनाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

याउलट १९९६ च्या 'सिटिझन कँग'ला तारखेनेच साथ दिली. २७ ऑक्टोबरला तो दाखवला गेला आणि ५ नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक होती. कँग आणि कोडोस हे क्लिंटन आणि डोल या दोन उमेदवारांची रूपे घेऊन निवडणूक लढवतात, आणि लोकांना कळते तरी दोघांपैकीच एकाला मत द्यावे लागते. शेवटी गुलामगिरीत राबणारा होमर म्हणतो, मला दोष देऊ नका, मी कोडोसला मत दिले होते. ते वाक्य पुढे लोकांनी मोटारींवर चिकटवले.

शिशिरागम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तररात्र यांनी पहिल्या भागातल्या बार्ट, लिसा आणि होमर यांच्याबद्दल जे लिहिले ते वाचून मी तो भाग पुन्हा पाहिला, आणि कवितेनंतरचा तो संवाद इतक्या वेळा ऐकूनही त्याकडे या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. रानवारा यांच्या मुद्द्यामुळे मी नवे भागही सलग बघायला घेणार आहे. आता मुलीचा प्रश्न तेवढा राहिला. ती अंधाराला भीत नाही, पण कोणाला इजा झालेली तिला बघवत नाही.

उत्तररात्र

तसे असेल तर सबंध भाग लावण्याऐवजी सुट्या गोष्टी निवडा. प्रत्येक गोष्ट सहा-सात मिनिटांचीच असते आणि एकीचा दुसरीशी संबंध नसतो. पहिल्या भागातली परग्रहवासीयांची गोष्ट आधी दाखवा. त्यात कोणालाही इजा होत नाही, धुळीने झाकलेल्या पाककृतींच्या पुस्तकावरचे नाव फुंकर मारता मारता तीन वेळा बदलते तो प्रसंग तिला नक्की आवडेल, आणि लिसा जवळजवळ तिच्याच वयाची आहे. त्यानंतर १९९२ च्या तिसऱ्या भागातली क्रस्टी विदूषकाच्या बाहुलीची गोष्ट. बाहुली होमरच्या जिवावर उठते खरी, पण दुरुस्तीला आलेला माणूस तिच्या पाठीवरचे 'चांगली' आणि 'वाईट' असे बटण दाखवतो आणि सगळे क्षणात मिटते. त्याच भागातली कृष्णधवल 'किंग होमर'ही सौम्य आहे, पण तिच्यात एक-दोन माणसे खाल्ली जातात, तेव्हा ती आधी तुम्ही पाहून घ्या.

पाचवा भाग दोन-तीन वर्षे थांबवा, विशेषतः शिक्षकांची गोष्ट. सहाव्या भागात विली आगीत जळतो तो प्रसंगही इतक्यात नको. 'द रेव्हन' मात्र जरूर दाखवा, आणि शक्य असेल तर त्याआधी मूळ कवितेची काही कडवी तिला मोठ्याने वाचून दाखवा. ती काय म्हणाली ते इथे कळवा.